झिजणारी माकडे : नऊ मार्मोसेटांच्या पचनविकारांच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२५

पुण्याजवळ मुळशी रस्त्यावर पिरंगुटच्या अलीकडे असलेल्या एका खासगी संग्रहातील नऊ मार्मोसेट माकडांच्या पचनविकारांचा सहा महिने पाठपुरावा करण्याचे काम आजपासून सुरू झाले. गेल्या दीड वर्षात येथे तीन माकडे दगावली आणि वहीत तिन्ही ठिकाणी मृत्यूचे कारण 'अशक्तपणा' असे लिहिलेले आहे. माणसाच्या दाखल्यावर 'श्वास थांबला' असे लिहावे, तितकेच ते उपयोगाचे. एकाचेही शवविच्छेदन झालेले नाही, त्यामुळे मागचे काही हाती लागणार नाही. पुढचे तरी नीट लिहून ठेवायचे, एवढेच आपल्या हाती आहे.

ही सगळी माकडे कॉमन मार्मोसेट, म्हणजे कॅलिथ्रिक्स जॅकस, या जातीची आहेत. त्यांचे मूळ गाव ईशान्य ब्राझील. ही जात सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती आपल्याकडे चौथ्या अनुसूचीत आली, आणि अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक झाले. मालकांनी नोंदणीचे कागद काढून दाखवले. ते पाहिल्याशिवाय मी पिंजऱ्याला हात लावणार नव्हते.

पहिले काम वजनाचे. माकड पकडून तोलले की ते घाबरते, तोलणारा चावून घेतो आणि काट्यावरचा आकडाही स्थिर राहत नाही. म्हणून सोनाराच्या दुकानात असतो तसा, ग्रॅम दाखवणारा काटा पिंजऱ्याच्या दारात ठेवला, त्यावर प्लास्टिकचा डबा आणि डब्यात दोन मीलवर्म, म्हणजे खाऊ म्हणून देतात त्या अळ्या. पाऊण तासात नऊपैकी सात जण आपापल्या पायांनी डब्यात येऊन बसले. उरलेल्या दोघांना मामांनी बोलावून आणले. मामा म्हणजे येथे अकरा वर्षे काम करणारे, जवळच्याच वाडीतले गृहस्थ. माकडांची नावे त्यांनीच ठेवली आहेत आणि मालकांपेक्षा माकडे त्यांचेच जास्त ऐकतात.

सर्वांत जड सोनी, ४१८ ग्रॅम. ती मोठ्या कुटुंबातील मुख्य मादी असून सध्या गाभण आहे. ठमी ३४६. सर्वांत हलका बंड्या, ३०१ ग्रॅम. त्याच्या शेपटीच्या बुडाशी केस गेले आहेत, मांड्या सुकल्या आहेत आणि गुदद्वाराभोवती मळ चिकटलेला आहे. त्याच्याकडे पाहून मला पहिल्याच दिवशी वाईट वाटले, हे नोंदीत लिहायला नको, पण लिहिते.

१० जून

सात दिवस मी फक्त ताट पाहिले. सकाळी केळे, पपई आणि द्राक्षे. दुपारी तान्ह्या बाळांना देतात ते गव्हाचे तयार पीठ दुधात कालवून. संध्याकाळी उकडलेले अंडे, पनीर आणि दुधात बुडवलेले बिस्कीट. मालक हे सगळे मायेने करतात आणि खर्चालाही मागेपुढे पाहत नाहीत. अडचण अशी की हा आहार माणसाच्या बाळाचा आहे.

मार्मोसेट हे डिंक खाणारे माकड आहे. त्याचे खालचे पुढचे दात सुळ्यांइतके उंच असतात, त्यांच्या बाहेरच्या बाजूला जाड कवच असते आणि त्या दातांनी ते झाडाच्या सालीला भोके पाडते. मग पाझरलेला डिंक येऊन चाटते. बोटांना नखांऐवजी नख्या आहेत त्यासुद्धा खोडाला उभे चिकटून राहता यावे म्हणूनच. डिंकातील शर्करांच्या गुंतागुंतीच्या साखळ्या प्राण्याच्या स्वतःच्या पाचकरसांनी तुटत नाहीत. त्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या अंधांत्रात जिवाणूंकडून आंबवल्या जातात, आणि या माकडाचे अंधांत्र त्याच्या देहाच्या मानाने चांगलेच मोठे असते. अशा आतड्याला रोज मंडईतील पिकलेले केळे दिले तर साखर भरपूर, तंतू नाममात्र आणि अंधांत्रातील जिवाणूंना काम नाही, अशी अवस्था होते. मंडईतले फळ आपण शेकडो वर्षे गोड करत आणले आहे. रानातल्या फळाशी त्याचे नावापुरतेच नाते उरले आहे.

जीवनसत्त्वांची बाबही तशीच. अमेरिका खंडातील माकडांना ड जीवनसत्त्व ड३ या रूपातच लागते आणि तेही इतर माकडांपेक्षा जास्त. ड२ त्यांना नीट वापरता येत नाही. येथे खोल्यांना काचेच्या खिडक्या आहेत, भरपूर उजेड आहे, म्हणून ऊन मिळतेच असे मालकांचे म्हणणे होते. काचेतून उजेड येतो. कातडीत ड३ तयार करणारे किरण काचेत अडकतात. क जीवनसत्त्वही माणसाप्रमाणेच यांच्या शरीरात तयार होत नाही, पण पपईमुळे ती बाजू बरी आहे.

१७ जून

एका खोलीत सहा माकडे राहतात, मग खाली पडलेली पातळ विष्ठा कोणाची हे ओळखायचे कसे? ज्याचा नमुना हवा त्याच्या घासात खाण्याचा हिरवा रंग मिसळला. आधी मामांनी बिटाचा रस सुचवला होता, पण लाल विष्ठा पाहून उद्या कोणीतरी रक्त म्हणून धावत येईल.

एक दिवसाआड तीन नमुने प्रत्येकाचे. सलाइनमध्ये आणि ल्युगॉलच्या आयोडीनमध्ये ताजी स्लाइड, झिंक सल्फेटच्या द्रावणात तरंगवून एक आणि फॉर्मालिन-ईथरने गाळ बसवून एक. जंतांची अंडी कोठेही नाहीत. जिआर्डिया हा आतड्यातला एकपेशी परजीवीही नाही. साल्मोनेला, शिगेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंसाठी पाठवलेले कल्चर निरंक आले. बंड्याच्या स्लाइडमध्ये न पचलेली चरबी आणि पिष्टाचे कण मात्र खच्चून भरले होते, म्हणजे अन्न आत जाते आणि जसेच्या तसे बाहेर येते.

४ जुलै

बंड्या गेला. सकाळी सात वाजता मामांना तो घरट्याच्या पेटीत सापडला. शरीर थंड आणि ताठ होते, म्हणजे रात्रीच केव्हातरी गेला असावा. पावसामुळे रस्ता तुंबला होता, मी पोहोचेपर्यंत साडेनऊ झाले. ही दिरंगाई महागात पडणार हे मला चांदणी चौकातच कळून चुकले होते, कारण आतड्याचे आतले अस्तर मृत्यूनंतर काही तासांत स्वतःच्याच रसांनी विरघळू लागते आणि आपल्याला पाहायचे असते ते नेमके तेच. मूत्रपिंड, यकृत थांबतात. आतडे थांबत नाही.

वजन २६२ ग्रॅम. एका महिन्यात ३९ ग्रॅम, म्हणजे मूळ वजनाच्या तेरा टक्के. कातडीखाली आणि मूत्रपिंडांभोवती चरबीचा मागमूस नव्हता. बरगड्या कात्रीला ओल्या पुठ्ठ्यासारख्या लागल्या आणि खालचा जबडा दोन बोटांत धरून दाबला तर वाकला. अन्नातील चरबीच शोषली जात नसेल तर चरबीत विरघळणारे ड जीवनसत्त्व तरी कोठून शोषले जाणार? हाडांचा आजार आणि पोटाचा आजार या दोन तक्रारी नव्हेत, ती एकच तक्रार आहे. लहान आतड्याची भिंत मधल्या आणि शेवटच्या भागात जाडसर व फिकट दिसली. पोटात पाणी साठले होते. सर्व भागांचे तुकडे फॉर्मालिनमध्ये ठेवले. आतड्यात सिरिंजने फॉर्मालिन सोडून मग बांधले, म्हणजे निदान उरलेसुरले अस्तर टिकेल.

मृत्यूची नोंद संकेतस्थळावरही करावी लागते. ती मालकांना आजच करायला सांगितली. मामा काही बोलले नाहीत. जाताना फक्त विचारले, "डॉक्टर ताई, तोलायचं उद्याही आहे ना?" आहे म्हटले.

१६ जुलै

स्लाइड पाहिल्या. भीती होती त्याप्रमाणे अस्तराचा पृष्ठभाग बऱ्याच ठिकाणी झडून गेला आहे, तरीही खालची चौकट वाचता येते. लहान आतड्यातील बोटांसारखे अंकुर आखूड, बोथट आणि एकमेकांना चिकटलेले आहेत, त्यांच्या तळाशी असलेल्या खळग्यांची लांबी वाढली आहे आणि मधल्या पदरात लिंफोसाइट व प्लाझ्मा या दाहाच्या पेशींची दाटी आहे. दीर्घकालीन लिंफोसाइटी आंत्रदाह, असे निदान लिहिले. काही बंदिस्त मार्मोसेटांत याच दाहातून पुढे टी पेशींचा लिंफोमा हा कर्करोग होतो म्हणून विशेष शोध घेतला. येथे तो नाही.

'मार्मोसेट वेस्टिंग सिंड्रोम', म्हणजे मार्मोसेटांचा झिजण्याचा विकार, हे नाव मी मुद्दाम लिहिले नाही. वजन घटणे, सततचे जुलाब, शेपटीवरचे केस जाणे, स्नायू सुकणे, रक्तक्षय आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होणे या सगळ्यांना मिळून ते नाव गेली कित्येक दशके वापरले जाते. कधी त्यामागे आंत्रदाह असतो, कधी स्वादुपिंडाच्या नळीतील जंत, कधी निव्वळ प्रथिनांची उपासमार. आपल्या आज्या लहान मुलाला 'मुडदूस झाला' म्हणत तेव्हा त्यात अर्धा डझन आजार सामावत. हे नाव त्याच जातीचे आहे. वर्णन म्हणून ठीक. निदानाच्या रकान्यात ते लिहिले की पुढचा शोध थांबतो, आणि येथे तर तो वर्षापूर्वीच थांबला होता.

याच आठवड्यात सोनी व्याली. नेहमीप्रमाणे जुळे. दोन्ही पिल्ले त्याच कुटुंबातील नर राजा याच्या पाठीवर आहेत. या जातीत आईखेरीज बाप आणि मोठी भावंडेही पिल्ले वाहतात.

२४ जुलै

ठमीचे वजन ३२२. जूनपासून २४ ग्रॅम गेले, म्हणजे सात टक्के. जुलाब नाहीत, ती खेळते आहे, खाते आहे, आणि काटा नसता तर ती आजारी आहे असे कोणीच म्हटले नसते. पाच टक्क्यांवर सावध व्हायचे असे आम्ही ठरवले होते. ३४६ ग्रॅमच्या पाच टक्के म्हणजे जेमतेम सतरा ग्रॅम, दोन-चार द्राक्षांचा ऐवज.

रक्त घेतले. निरोगी प्राण्याकडून वजनाच्या एक टक्क्यापर्यंत रक्त एका वेळी घेता येते, म्हणजे हिच्याबाबत तीन मिलिलिटर. पण ती निरोगी नाही, म्हणून अर्ध्या मिलिलिटरवर भागवले. अल्ब्युमिन २.७ आले. प्रयोगशाळेने अहवालात त्याच्यापुढे 'सामान्य' असे छापले होते. चौकशी केल्यावर कळले की त्यांच्या यंत्रात माकडाचा पर्यायच नाही, म्हणून त्यांनी कुत्र्याच्या संदर्भमूल्यांशी ताडून पाहिले होते! मार्मोसेटासाठी हा आकडा कमीच आहे. आता मी फक्त आकडे मागवते. शेरा स्वतः लिहिते.

विष्ठेचे पुन्हा तीन नमुने घेतले. दुसऱ्यात जिआर्डियाच्या पुटी सापडल्या. जूनमध्ये त्या नव्हत्या की दिसल्या नव्हत्या, हे सांगता येणार नाही, कारण जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही.

२६ जुलै

आजपासून आहार बदलला. गव्हाचे सर्व पदार्थ बंद. काही बंदिस्त मार्मोसेटांच्या रक्तात ग्लूटेन या गव्हातील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळलेली आहेत आणि ग्लूटेन काढल्यावर त्यांतील काहींचे वजन सुधारले आहे. सगळ्यांना ते लागू पडते असे नाही, पण गहू काढण्यात तोटा काहीच नाही. ब्राझीलच्या रानात गहू नाहीच. त्याऐवजी अंडे, शिजवलेली मूगडाळ, राजगिऱ्याचे पीठ, मीलवर्म आणि ड३ चे मोजलेले थेंब. फळे निम्मी केली, फरसबी, काकडी आणि रताळे वाढवले. ठमीला जिआर्डियासाठी मेट्रोनिडाझोल. ते इतके कडू असते की ती पहिला घास घेऊन माझ्याकडे पाहत राहिली आणि मग शांतपणे तो खाली टाकून दिला. शेवटी मधात कालवून सिरिंजने दिले.

डिंकासाठी काल रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात गेले. बाभळीचा एक किलो आणि धावड्याचा अर्धा किलो मागितल्यावर दुकानदारांनी सहज विचारले, "लाडवांसाठी का? घरी बाळंतीण आहे वाटतं." हो म्हणाले. बाळंतीण आहे आणि तिला जुळे झाले आहे, हे खरेच होते.

बाभळीचाच डिंक द्यायचे ठरवले, कारण मार्मोसेटांना प्राणिसंग्रहालयांत जो अरबी डिंक देतात तोही बाभळीच्या कुळातल्याच झाडांचा. रात्रभर भिजवून पाकासारखा झाल्यावर लाकडाच्या ओंडक्याला बोटाएवढी भोके पाडून त्यांत भरला. ओंडका टांगल्यावर पहिला आला राजा. त्याने भोकातला डिंक चाटून संपवला, मग मान वाकडी करून खालचे दात सालीत रोवले आणि लाकूड खरवडू लागला. याचा जन्म पिंजऱ्यातला, याने झाड कधी पाहिलेले नाही. मामा आणि मी वीस मिनिटे तेथेच उभे होतो.

१९ ऑगस्ट

चोवीस दिवस झाले आणि ठमी ३१८ वर आहे. जिआर्डिया गेला, तीन नमुने स्वच्छ. तरी वजन वर येत नाही. आहाराचा तक्ता मी तीनदा तपासला. आज दुपारी जेवणाच्या वेळी अवचित पोहोचले, तर मामा पिंजऱ्यापुढे स्टुलावर बसलेले, मांडीवर डबा, आणि ठमी जाळीतून हात बाहेर काढून बसलेली. मामांनी पोळीचा पदर सोलून त्याची सुपारीएवढी गोळी केली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने ती दोन्ही हातांत धरून, कडेने कुरतडत, एकाग्रतेने खाल्ली. ज्या सवयीने तो हात पुढे आला त्यावरून हे अकरा वर्षांचे नाही तरी ठमीच्या साऱ्या आयुष्याचे चालले असावे.

मला राग आला, पण मामांवर नाही. 'गव्हाचे पदार्थ बंद' असे मी तक्त्यावर लिहिले होते. पोळी बंद असे कोठेच लिहिले नव्हते. त्यांच्या लेखी गव्हाचे पदार्थ म्हणजे ते डब्यातले पीठ आणि बिस्किटे. पोळी हा पदार्थ नव्हे, ते जेवण आहे. मी विचारले, "मामा, रोज देता?" ते म्हणाले, "एवढीशीच हो ताई. मी जेवताना ती बघत बसते, एकट्यानं घास जात नाही."

आता यावर काय बोलणार? ज्वारीत ग्लूटेन नसते, म्हणून उद्यापासून मामांच्या डब्यात भाकरी असेल, असा तोडगा निघाला. तीही नखाएवढीच द्यायची आणि वहीत लिहायची. मामी तिकडे काय म्हणतील ते त्यांनाच ठाऊक.

२ सप्टेंबर

झुरळे. पावसाळ्यात भिंतीच्या फटींतून ती इतकी येतात की चिकट कागदांवर एका रात्रीत एकोणीस मोजली. स्वच्छतेचा प्रश्न आहेच, पण खरा धोका वेगळा आहे. मार्मोसेट झुरळ दिसले की पकडून खाते, आणि या माकडांच्या दोन वाईट जंतांचा प्रवास झुरळातूनच होतो. एक प्रोस्थेनॉर्किस, काटेरी तोंडाचा. तो लहान आतड्याच्या शेवटाला आणि अंधांत्राच्या भिंतीत डोके खुपसतो आणि कधी आरपार भोक पाडतो. दुसरा ट्रायकोस्पिरुरा, तो स्वादुपिंडाच्या नळ्यांत राहतो, आणि माकड वेस्टिंगच्या वर्णनाबरहुकूम झिजत जाते. आमच्याकडे दोन्हींची अंडी आजवर सापडलेली नाहीत, बंड्याचे स्वादुपिंडही स्वच्छ होते. पण नवे माकड बाहेरून आले आणि ते बाधित असले तर पुढची सोय झुरळांनी करून ठेवलेली आहे.

बोरिक पावडरच्या गोळ्या ठेवण्याचा बेत होता, तो रद्द केला. त्या गोळ्या कणकेच्या असतात, आणि बोरिक तर पोटात जाताच कामा नये. फटी सिमेंटने बुजवल्या, उरलेले अन्न रात्री आठ वाजता उचलायचे ठरले.

२३ सप्टेंबर

सोनी आज दोनदा ओकली. मार्मोसेट सहसा ओकत नाही. पोट जेवणानंतर डमरूसारखे फुगते, ती पाठ वाकवून बसते आणि पिल्लांना जवळ येऊ देत नाही. वजन ३८९. बाळंतपणानंतर उतरले असेल म्हणून मी दोन आठवडे गप्प बसले होते, ही माझी चूक.

२९ सप्टेंबर

शहरातील एका लहान प्राण्यांच्या दवाखान्यात सोनोग्राफी आणि बेरियम देऊन एक्स-रे केले. जठर भरलेले, त्यालगतचे आद्यांत्र फुग्यासारखे ताणलेले आणि पुढे एकदम बारीक. बेरियम त्या ठिकाणी अडून बसले. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी जेथे उघडते त्याच्या आसपास आद्यांत्र आकसण्याचा हा विकार मार्मोसेटांच्या वसाहतींत गेल्या काही वर्षांतच नीट वर्णिला गेला आहे. त्याआधी तोही 'वेस्टिंग'च्याच पोत्यात भरला जात असावा, असे मला वाटते. जिवंतपणी बेरियम कोण देत होते?

एवढ्याशा आतड्यावर शस्त्रक्रिया करायला कोणी तयार झाले नाही आणि मीही आग्रह धरला नाही. दिवसातून सहा वेळा पातळ, थोडे थोडे अन्न. ओंडक्यावरचा डिंक तिच्यासाठी बंद. सूज कमी करण्यासाठी ब्युडेसोनाइड सुरू केले; आंत्रदाह झालेल्या मार्मोसेटांना ते दिल्याचा अनुभव इतरत्र आहे. प्रतिजैविकांचा मारा मात्र टाळला, कारण त्यातून क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू माजला की आहे ते आतडेही हातचे जाते.

१४ ऑक्टोबर

ठमी ३३७. आठ आठवड्यांत एकोणीस ग्रॅम वर आली. अल्ब्युमिन ३.६. शेपटीवर लव दिसू लागली आहे.

मालकांनी हे ऐकून 'गहू बंद केल्याचा गुण' असे जाहीर करून टाकले. मला तसे लिहिता येत नाही. आम्ही गहू काढला, जिआर्डियावर औषध दिले, डिंक सुरू केला, ड३ वाढवले आणि फळे घटवली, हे सगळे एकाच दिवशी. पोळी बंद झाल्यावरच वजन चढू लागले, एवढा एक धागा गव्हाकडे बोट दाखवतो. पण त्याच आठवड्यात पाऊसही ओसरला होता. पुन्हा पोळी देऊन पाहणे हाच खरा पुरावा झाला असता. ते करायला माझे मन होत नाही, आणि मामा तर करूच देणार नाहीत.

मालकांना कोणीतरी प्रथिनांसाठी उंदरांची नवजात गुलाबी पिल्ले द्या असे सुचवले आहे. ठामपणे नाही म्हटले. अमेरिका आणि इंग्लंडमधील प्राणिसंग्रहालयांत मार्मोसेट आणि त्यांचे भाईबंद टॅमॅरिन यकृतदाहाने पटापट मेले, त्यामागे उंदरांत वावरणारा एलसीएमव्ही हा विषाणू होता आणि तो खाऊ म्हणून दिलेल्या उंदरांच्या पिल्लांतूनही आला होता.

१८ नोव्हेंबर

सोनी ३४१. दीड महिना ती तग धरून होती, पण गेले चार दिवस पाणीही ठरत नाही. मालक आणि मामा या दोघांशी बोलून सकाळी अकरा वाजता तिला भूल देऊन शांत केले. पिल्ले चार महिन्यांची आहेत, स्वतःचे खातात. राजा दिवसभर पेटीच्या तोंडाशी बसून होता.

या वेळी शवविच्छेदन दहा मिनिटांत सुरू झाले. आद्यांत्र माझ्या करंगळीएवढे रुंद झाले होते. पित्तनलिकेच्या तोंडाजवळ कडक, पांढरट कडे, आणि त्यापलीकडे ते काडेपेटीतल्या काडीएवढे. त्या कड्यातून मी सर्वांत बारीक नळी घालून पाहिली. ती गेली नाही. अडथळ्याच्या वर न पचलेल्या मूगडाळीची सालपटे साठलेली होती. आठवड्याभरापूर्वी डाळ गाळून द्यायला हवी होती हे मला तेव्हा सुचले नाही.

३ डिसेंबर

सोनीच्या स्लाइड. अस्तर शाबूत, त्यामुळे वाचायला संदेह नाही. आकसलेल्या जागी जुना व्रण, तंतुमय ऊती आणि दाह. गाठीचा मागमूस नाही. त्याखालच्या आतड्यात अंकुर जवळपास सामान्य, लिंफोसाइट किंचित वाढलेले. म्हणजे एकाच छपराखाली, एकच ताट खाऊन, दोन माकडे झिजून गेली ती दोन वेगळ्या आजारांनी. एकाचे आतडे शोषत नव्हते, दुसरीचे अन्न आतड्यापर्यंत पोहोचत नव्हते. वहीत मात्र दोघांसमोर 'अशक्तपणा' असेच लागले असते.

९ डिसेंबर

रात्री थंडी दहा अंशांच्या आसपास उतरते आहे. खोल्यांत हीटर लावून तापमान चोवीसच्या खाली जाऊ न देण्याची सूचना दिली. थंडीत ऊब राखण्यातच खाल्लेले संपते आणि आजारी आतड्याला ती उधळपट्टी परवडत नाही.

आजची वजने मामांनी स्वतः घेतली आणि स्वतः लिहिली. राजा ३७२, ठमी ३४४, बाकीचे आपापल्या जागी. सोनीच्या पिल्लांपैकी धाकटी मागच्या आठवड्यापेक्षा सहा ग्रॅमने उतरली आहे. वाढत्या वयात वजन नुसते थांबले तरी ते घटल्यासारखेच धरायचे, म्हणून तिच्या घासात हिरवा रंग मिसळून नमुन्यांसाठी तीन डब्या ठेवल्या आहेत. पहिली डबी परवा उचलायची.